कुत्रा पळाला, तर पहिल्या तासापासून काय करायचं

दार उघडं राहिलं, पट्टा सुटला, फटाका फुटला आणि कुत्रा दिसेनासा झाला की सगळं घर हाका मारत चार दिशांना पांगतं. ते साहजिक आहे, पण बऱ्याचदा त्यानेच काम बिघडतं. धावत सुटण्याआधी दोन मिनिटं थांबून एकाच प्रश्नाचं उत्तर ठरवा: तो घाबरून पळालाय की आपल्या नादात निघून गेलाय? शोध कुठे घ्यायचा, कसा घ्यायचा, कुत्रा समोर दिसला तर काय करायचं, हे सगळं या उत्तरावर ठरतं.

घाबरलेला आणि भटकलेला

घाबरून पळणाऱ्या कुत्र्यांचे आपल्याकडचे हंगाम ठरलेले आहेत. विसर्जन मिरवणुकीतले ढोल-ताशे आणि डीजे, दिवाळीचे फटाके, लग्नसराई, एकतीस डिसेंबर आणि वळवाच्या पावसातला गडगडाट. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणाऱ्या फटाक्यांवर आपल्याकडे बंदी आहे. पण मर्यादेत बसणारा फटाकाही कुत्र्याला पुरेसा असतो. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपासचा.

असा कुत्रा दिशा बघत नाही. दम लागेपर्यंत पळतो, मग एखाद्या अडचणीच्या जागी शिरतो आणि गप्प बसतो. गाडीखाली, बेसमेंटच्या कोपऱ्यात, अर्धवट बांधकामात, नाल्याच्या कडेच्या झुडपात. भीती डोक्यात असताना तो मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही. पुष्कळांना हे पटत नाही. "आमचा टायगर माझा आवाज ऐकून येणार नाही असं होणारच नाही," म्हणतात, आणि टायगर वीस फुटांवर श्वास रोखून बसलेला असतो.

भटकलेल्याची गोष्ट वेगळी. फाटक उघडं दिसलं, नाकाला काही लागलं आणि तो निघाला. भादव्यात नर कुत्री घर सोडून जातात हे गावाकडे कुणाला सांगावं लागत नाही. शहरातल्या, नसबंदी न झालेल्या नराचंही तेच होतं. माजावर आलेल्या मादीचा वास त्याला बराच लांब नेतो. हा कुत्रा मजेत असतो. हाकेला येतो, ओळखीच्या स्कूटरच्या आवाजाला येतो आणि कुणी बिस्किट दाखवलं तर त्याच्यामागेही जातो. म्हणून त्याच्यासाठी हाका मारत फिरणं योग्य, आणि शेजारपाजारी विचारणं त्याहून योग्य.

नुकताच दत्तक आणलेला कुत्रा नेहमी घाबरलेल्यांत धरा, तो वरवर कितीही शांत वाटत असला तरी. त्याला ना घर माहीत झालेलं असतं ना तुमचा आवाज. म्हातारा, दिसायला-ऐकायला कमी झालेला कुत्रा यापैकी कशातच बसत नाही. तो बहुधा जवळच असतो, कुठेतरी अडकलेला. जिन्याखालची खबदाड, कोरडी टाकी, उघडं गटार, लिफ्टचा खड्डा आणि गावात विहीर, या जागा त्याच्यासाठी सगळ्यात आधी बघा.

पहिला तास

एक माणूस घरीच थांबवा, आणि कुत्रा बाहेर कुठे सुटला असेल तर नेमका त्या जागी. त्याने जागा सोडायची नाही आणि फोन चार्जिंगला ठेवायचा. पुष्कळ कुत्री थोड्या वेळाने निघाल्या जागी परत येऊन बघतात. तेव्हा फाटक बंद आणि सगळे शोधायला गेलेले असले तर ती पुन्हा निघून जातात. त्याची रोजची चादर किंवा घरातल्या माणसाचा अंगातला, न धुतलेला सदरा तिथे ठेवा. खाणं उघड्यावर ठेवून गेलात तर गल्लीतली कुत्री जमतील आणि तुमचा कुत्रा पलीकडूनच परत फिरेल. खाणं ठेवायचं तर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.

बाहेर पडण्याआधी इमारत तपासा. गच्ची, जिना, पार्किंग, मीटरची खोली. कुत्रा रस्त्यावर गेला असं गृहीत धरून लोक तासभर बाहेर फिरतात आणि तो सातव्या मजल्याच्या जिन्यात सापडतो.

मग सोसायटीचा सीसीटीव्ही. माझ्या मते पहिल्या तासातलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे, कारण त्यातून दोन पक्क्या गोष्टी कळतात: किती वाजता आणि कोणत्या बाजूला. शेपटी पायांत घालून पळतोय की हुंगत चाललाय, तेही दिसतं आणि वरच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. पुढे त्या दिशेच्या कोपऱ्यावरचं मेडिकल, किराणा दुकान, बँकेचं एटीएम. दुकानदाराला "रेकॉर्डिंग द्या" म्हणण्यापेक्षा "आठ चाळीस ते नऊ, एवढंच बघायचंय" म्हटलं तर काम लवकर होतं.

शोधायला दोघं-दोघं जा, चालत. बाईकवरून जोरात फिरल्याने अंतर कापलं जातं, पण गाड्यांच्या खाली काही दिसत नाही. दिवसासुद्धा टॉर्च घ्या. सोबत पट्टा, वास येणारं खाणं (उकडलेली कोंबडी, उकडलेलं अंडं, घरी खातो ते बिस्किट) आणि त्याचा चेहरा व अंग दोन्ही दिसणारा फोटो.

कुणाला विचारायचं

फिरायला निघालेल्या दहा जणांना विचारण्यापेक्षा रस्त्यावर ज्यांचा दिवस जातो अशा तिघांना विचारा. पहाटेचा पेपरवाला आणि दूधवाला, रस्ता झाडणाऱ्या मावशी, घंटागाडीवरची माणसं, चहाची टपरी, रिक्षा स्टँड, रात्रपाळीचा वॉचमन, डिलिव्हरीची मुलं. घंटागाडी रोज त्याच वस्तीतून फिरते, त्यामुळे नवा कुत्रा कुठे बसलाय हे तिच्यावरच्या माणसांच्या लगेच लक्षात येतं.

या सगळ्यांपेक्षा वर असतात रोज रात्री भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणारे लोक. प्रत्येक भागात अशी एखादी ताई किंवा काका असतात, आणि कोणत्या गल्लीत किती कुत्री, त्यांतलं कोण कुणाशी भांडतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. सोसायटीत त्यांच्याशी कुणाचं कितीही वाजलेलं असो, आज त्यांच्याकडे जा. त्यांचा आपसांतला ग्रुप असतो आणि एका निरोपात चार-पाच वस्त्यांमधले डोळे कामाला लागतात.

इथे जातीचाही फरक पडतो. लॅब्रॅडॉर, शिह त्झू, पॉमेरेनियन रस्त्यावर एकटा दिसला की कुणीतरी घरी नेतो. कधी दयेने, कधी ठेवून घ्यायला. त्यामुळे त्याचा शोध माणसांमध्ये घ्यायचा: दवाखाने, पेट शॉप, ग्रूमिंगची दुकानं, शेजारच्या सोसायट्यांचे ग्रुप. देशी कुत्रा मात्र गर्दीत मिसळून जातो. तो हरवलेला आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच्यासाठी पाय झिजवावे लागतात, आणि त्याला ओळखण्याची खूण नेमकी सांगावी लागते. "तपकिरी, मध्यम" एवढ्याने काही होत नाही. "डाव्या मागच्या पायाला पांढरा मोजा, शेपटीचं टोक वाकडं" असं सांगा. एक उपयोगाची गोष्ट: नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला छोटा काप दिलेला असतो. फोटो पाठवणाऱ्याला कान बघायला सांगितलं तर निम्म्या चकरा वाचतात.

रात्रीचा शोध

अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्यांची कुत्री हरवली होती त्यांच्यापैकी ९३ टक्के लोकांना ती परत मिळाली होती आणि जवळजवळ निम्मी आसपासचा भाग पिंजून काढल्याने सापडली होती. आकडा धीर देणारा आहे, पण तिथे दर चौकात कुत्र्यांची टोळी बसलेली नसते. आपल्याकडे शोधाचा नकाशाच या टोळ्या ठरवतात.

प्रत्येक टोळीची हद्द असते. नवखा कुत्रा हद्दीत शिरला की ती त्याला हुसकून लावते आणि तो पुढच्या हद्दीत ढकलला जातो. म्हणून हरवलेला कुत्रा शेवटी कुणाचीच हद्द नसलेल्या सांदीत सापडतो: बंद कारखान्याचं आवार, रेल्वेची भिंत, नाल्याचा काठ, शाळेचं मागचं मैदान, स्मशानभूमी. नकाशा उघडा आणि सीसीटीव्हीत दिसलेल्या दिशेने अशा सांदी शोधा.

रात्री एक ते पहाटे पाच ही वेळ सोडू नका. रहदारी थांबलेली असते आणि दिवसभर दडलेला कुत्रा पाणी-खाणं शोधायला तेव्हाच बाहेर येतो. एका जागी गाडी बंद करून दहा मिनिटं फक्त ऐका. एखाद्या बाजूला अचानक भुंकणं उठलं आणि ते एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सरकत गेलं, तर तिथून कुणीतरी परका जातोय. तिकडे जा. टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरून फिरवा, म्हणजे अंधारातले डोळे चमकतात. पण दोघांनी जा, आणि आधी वॉचमनला सांगून ठेवा. रात्री दोन वाजता गाड्यांखाली वाकून बघणारा माणूस कसा दिसतो, याचाही विचार हवा.

दिसला, तर धावू नका

सगळ्यात जास्त कुत्री इथे हातची जातात. आठवडाभर शोधलेला कुत्रा समोर दिसला की माणूस किंचाळत त्याच्याकडे धावतो. कुत्र्याच्या लेखी कुणीतरी अंगावर येतंय. तो पुन्हा पळतो, आणि या वेळी थेट रस्त्यावर.

घाबरलेला कुत्रा दिसला की आहात तिथेच खाली बसा. त्याच्याकडे तोंड करून नाही, थोडं आडवं. डोळ्यांत बघू नका, नाव घेऊ नका. पळाल्यापासून लोकांनी त्याचं नाव फक्त ओरडूनच घेतलेलं असतं. बिस्किटाचा पुडा चुरचुर वाजवा आणि स्वतःच खात बसा. तुकडे आधी त्याच्या बाजूला लांब टाका, मग हळूहळू जवळ. घरात त्याच्याशी बोलता ते नेहमीचं काहीतरी हलक्या आवाजात पुटपुटत राहा. बऱ्याचदा तो काही फुटांवर येतो, वास घेतो आणि मग एकदम ओळख पटून अंगावर झेपावतो. त्याला अर्धा तास लागला तर लागू द्या.

जवळ आल्यावर वरून डोक्याकडे हात नेऊ नका. छातीखालून हात घाला आणि पट्टा अडकवल्याशिवाय आनंद साजरा करू नका. गळपट्टा निसटलेला असेल तर साध्या दोरीच्या पट्ट्याचं टोक त्याच्याच मुठीतून ओवून फास करा. घरात दुसरा शांत, ओळखीचा कुत्रा असेल तर त्याला सोबत आणणं फार कामाला येतं.

मदतीला आलेल्यांना लांब, रस्त्याच्या बाजूला उभं करा. त्यांचं काम पकडण्याचं नाही, गाड्या हळू करण्याचं आहे. खाण्यात झोपेची गोळी घालण्याचा सल्ला कुणी ना कुणी देतोच. तो ऐकू नका. गुंगीतला कुत्रा आणखी घाबरतो, धडपडत रस्त्यावर जातो किंवा नजरेआड कुठेतरी पडून राहतो. अजिबात हाती लागत नसेल तर प्राणी संस्थेकडून पिंजरा मागवा. या झटापटीत कुणाला दात लागले, आपल्याच कुत्र्याचे का असेनात, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पोस्टर, ग्रुप आणि भामटे

पोस्टरवर मोठा फोटो, "कुत्रा हरवला" ही अक्षरं रस्त्यापलीकडून वाचता येतील एवढी मोठी, जागा, तारीख आणि दोन फोन नंबर. मराठी आणि हिंदी दोन्ही. सगळ्यात महत्त्वाची ओळ: "पकडायला जाऊ नका, फोटो काढा आणि फोन करा." बक्षीस लिहायचं तर रक्कम लिहू नका. मोठा आकडा पाहून पोरं कुत्र्याच्या मागे लागतात. भिंतीवर, खांबावर चिकटवण्याआधी परवानगी घ्या. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे. टपरी, दवाखाना, सोसायटीचा फलक, रिक्षाची मागची काच या जागा जास्त लोक बघतात. पावसाळ्यात लॅमिनेशन करा.

एक खूण पोस्टरवरही टाकू नका आणि ग्रुपवरही नाही. पोटावरचा डाग, तुटलेला दात, असं काहीही. "तुमचा कुत्रा माझ्याकडे आहे, आधी पाच हजार पाठवा" असे फोन येणारच. त्यांना ती खूण विचारा, व्हिडिओ कॉल करायला सांगा. खरा माणूस लगेच दाखवतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, ओटीपी तर कुणालाच द्यायचा नसतो. ही गोष्ट घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा, कारण रडवेल्या घरात फोन तेच उचलतात.

व्हॉट्सॲपचा निरोप फिरत राहतो आणि कुत्रा सापडल्यावरही महिनोन्महिने फोन येतात. म्हणून तारीख निरोपाच्या पहिल्याच ओळीत घाला.

महापालिका, दवाखाने, पोलीस

पहिल्याच दिवशी महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला फोन करा आणि त्या भागात कुत्री पकडणारी गाडी आली होती का, ते विचारा. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदीसाठी आणलेल्या कुत्र्याला क्रमांकाचा पट्टा बांधून त्याची नोंद ठेवायची असते आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. म्हणजे तारीख आणि जागा सांगितली तर शोध लागू शकतो. पण फोनवर "नाही" म्हणाले तरी एकदा स्वतः जाऊन पिंजरे बघा; पन्नास कुत्र्यांत तुमचा कोणता, हे त्या माणसाला ओळखता येईलच असं नाही. शाळा, रुग्णालय, एसटी स्टँड किंवा रेल्वे स्टेशनजवळ कुत्रा हरवला असेल तर हे आणखी तातडीने करा. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानंतर अशा आवारांतून उचललेली कुत्री त्याच जागी परत न सोडता निवाऱ्यात ठेवायची आहेत.

जवळच्या सगळ्या पशुवैद्यांकडे फोटो ठेवा. गाडीने उडवलेला किंवा कुणाला सापडलेला कुत्रा शेवटी तिथेच येतो. मुंबईत परळचं जुनं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, यादीत हवंच.

पोलीस ठाण्यात हरवल्याची लेखी नोंद करा आणि पोच घ्या. कुणी उचलून नेल्याचं सीसीटीव्हीत दिसत असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीचा गुन्हा नोंदवायला सांगा. कायद्याच्या दृष्टीने कुत्रा ही मालकाची मालमत्ता आहे. कुत्रा तुमचाच असल्याचा पुरावा लागतो: महापालिकेचा परवाना, लसीकरणाचं पुस्तक, खरेदीची किंवा दत्तक घेतल्याची कागदपत्रं, जुने फोटो.

सहलीत किंवा गावी हरवला तर

महाबळेश्वरला, लोणावळ्याला किंवा कोकणात नेलेला कुत्रा सुटला तर त्याला परतीचं घर माहीत नसतं. त्याच्यासाठी ओळखीच्या दोनच गोष्टी असतात, तुमची गाडी आणि तुम्ही. सुटला त्या जागी गाडी उभी ठेवा, दार उघडं, आत त्याची चादर. एक मुक्काम वाढवा. निघावंच लागलं तर चादर आणि नंबर तिथल्या खानावळवाल्याकडे ठेवा आणि गुराख्यांना, सरपंचांना सांगा. वाडीत बातमी फोनपेक्षा लवकर पोचते.

जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या उसात रात्री शिरू नका. तिथे बिबट्या आहे आणि कुत्रं हे त्याचं नेहमीचं भक्ष्य. उजाडल्यावर गावकऱ्यांना सोबत घेऊन बांधाबांधाने शोधा. बिबट्याचा माग दिसला तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

सापडल्यावर

पाणी थोडं थोडं द्या. बरेच दिवस उपाशी असेल तर पहिल्या दिवशी दही-भात किंवा उकडलेल्या कोंबडीचा भात, मूठभर, चार-पाच वेळा. भरलेलं ताट पुढे ठेवलं तर उलट्या होतील. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. पंजे, कान, बोटांच्या बेचक्यांतल्या गोचिडी आणि केसांत लपलेले दातांचे व्रण बघून घ्या. चाव्याची शंका असेल तर लस झालेल्या कुत्र्यालाही रेबीजचा बूस्टर देतात. पावसाळ्यात साचलेलं पाणी प्यायला असेल तर लेप्टोस्पायरोसिसबद्दल विचारा. गोचीड-ताप लगेच दिसत नाही. पुढचे तीन आठवडे ताप, मंदपणा, पांढुरक्या हिरड्या किंवा गडद लघवी दिसली तर रक्त तपासा.

पोस्टर काढा आणि ग्रुपवर कळवा. भटक्यांना खाऊ घालणाऱ्या ताई-काकांना स्वतः जाऊन सांगा.

एकदा पळालेला पुन्हा पळू शकतो, म्हणून तोवर राहिलेलं आता करून टाका. गळपट्ट्याखाली दोनच बोटं जायला हवीत; सैल पट्टा डोक्यावरून निसटतो. भित्र्या कुत्र्याला हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही घाला, दोरी दोन्हींत अडकवा. बिल्ल्यावर त्याच्या नावापेक्षा तुमचा नंबर महत्त्वाचा, मोठ्या अक्षरात कोरलेला. कागदाची चिठ्ठी पहिल्या पावसात जाते.

कातडीखाली बसवायची मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. ती कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही. कुणीतरी तो पकडून स्कॅनरखाली धरला तर क्रमांक कळतो, आणि तो क्रमांक तुमच्या चालू फोन नंबरशी जोडलेला असेल तरच उपयोग. जागा हवी तर सिमकार्डचा जीपीएस पट्टा लागतो, आणि तो रोज चार्ज करावा लागतो. ब्लूटूथचा टॅग आसपासच्या लोकांच्या फोनवर चालतो, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या गर्दीत ठीक, रानात निकामी.

दिवाळीच्या आठवड्यात त्याला अंधार पडण्याआधी फिरवून आणा, संध्याकाळी घरात पंखा आणि टीव्ही चालू ठेवा, आणि पाहुणे येतात त्या वेळी दोरी घरातल्या घरातही अडकवून ठेवा. फटाक्यांना फारच घाबरत असेल तर औषधाबद्दल पशुवैद्याला दसऱ्यालाच विचारा. नरकचतुर्दशीच्या पहाटे दवाखाना उघडा मिळत नाही.